ताईच्या अर्ध्यावर राहिलेल्या शिकवण्या

ड्रायव्हरकाकांनी उभी हयात बस चालवण्यात घालवली. रस्त्यावर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण दुसऱ्याला शिकवायला बसले की दोन मिनिटांत त्यांचा पारा चढायचा. लेक मात्र बापाच्या अगदी उलट निघाली. तिने एक जुनी छोटी गाडी घेतली, टपावर पाटी ठोकली आणि बायकांना गाडी शिकवायला सुरुवात केली. तिच्या आईच्या वयाच्या बायकाही तिला ताई म्हणायच्या. कुणी भर चौकात गाडी बंद पाडली आणि मागून हॉर्नचा गलका सुरू झाला, की ताई शांतपणे म्हणायची, "वाजवू द्या. त्यांच्या हॉर्नने आपलं इंजिन सुरू होत नाही."

एकदा जेवताना तिने सहज विषय काढला. आपलं काही बरंवाईट झालं, तर जे उपयोगी पडेल ते सगळं देऊन टाका म्हणाली. डेपोत बंद पडलेल्या बसचे चांगले पार्ट दुसरीला लावायचेच ना? काका ताटावरून उठले. जेवताना अभद्र बोलू नये एवढीही अक्कल नाही का, म्हणून डाफरले. ती हसली आणि त्यांच्या वाटीतलं दही संपवून टाकलं.

त्यानंतरच्या थंडीत, ध्यानीमनी नसताना, ते घडलं. सकाळी गाडी पुसता पुसता तिने डोकं धरलं आणि खाली बसली, ती पुन्हा उठलीच नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टरांनी शर्थ केली, पुन्हा पुन्हा तपासलं आणि शेवटी सांगितलं, की मेंदूचं काम कायमचं थांबलंय, श्वास चालतोय तो फक्त यंत्रामुळे. मग रुग्णालयातल्या समुपदेशक बाई शेजारी येऊन बसल्या. अवयवदानाबद्दल त्यांनी हळू आवाजात विचारलं, घाई केली नाही. काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पोरीची छाती वरखाली होतेय, हात कोमट आहे, आणि मी कोणत्या तोंडाने हो म्हणू?

शेवटी बायकोच बोलली. "तिनं सांगून ठेवलंय. तुम्ही ताटावरून उठून गेलात. मी ऐकलं होतं."

काकांनी भिंतीकडे बघतच मान हलवली.

हृदय, यकृत, दोन्ही मूत्रपिंडं आणि डोळे दिले गेले. लोक म्हणाले, केवढं पुण्य. काकांना पुण्यबिण्य काही जाणवलं नाही. आतडं तुटलं होतं, एवढंच. गाडीवर त्यांनी कापड टाकलं आणि त्या बाजूने जाणंच सोडलं.

काही महिन्यांनी रुग्णालयाने दात्यांच्या घरच्यांचा सत्कार ठेवला. काका जायला तयार नव्हते. बायको म्हणाली, मी एकटी जाईन. तेव्हा मुकाट्याने शर्ट बदलून निघाले. व्यासपीठावर भाषणं झाली. कुणी लेकीला त्यागाची मूर्ती म्हटलं, कुणी देवी. काका ऐकत होते आणि त्यांना वाटत होतं, ही मंडळी दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलीबद्दल बोलतायत. मग माईक त्यांच्या हातात आला.

"माझी मुलगी देवी नव्हती," ते म्हणाले. "सकाळी हाका मारून घसा कोरडा पडायचा, तरी अंथरूण सोडायची नाही. माझं चुकलं तर तोंडावर सांगायची. पण शिकवायची फार सुंदर. न ओरडताही माणसाला शिकवता येतं, हे मला तिच्यामुळे कळलं. जमलं नाही कधी, पण कळलं."

सभागृहात हलकं हसू पसरलं. बायको पदर तोंडाला लावून हसत होती आणि रडतही होती.

बाहेर त्याच समुपदेशक बाई भेटल्या. नावं सांगता येत नाहीत, म्हणाल्या, पण यकृत मिळालेला माणूस बेकरीत काम करतो आणि आता पुन्हा भट्टीपुढे उभा राहतोय. बायकोने एकच विचारलं, त्याला भूक लागते का? सपाटून लागते, बाई म्हणाल्या.

तेवढ्यात मघाशी सभागृहात मागच्या रांगेत बसलेली एक शिंपीणबाई पुढे आली. ताईंकडे शिकत होते, म्हणाली. गाडी पुढे नेता येते, मागे घ्यायचं शिकणं तेवढं राहिलंय. दुसरीकडे जाऊन पाहिलं, पण तिथले मास्तर फार ओरडतात.

"मीही ओरडतो," काका म्हणाले.

"पण तुम्हाला कळलंय ना? आत्ताच तर म्हणालात."

दुसऱ्याच दिवशी काकांनी गाडीवरचं कापड काढलं. बॅटरी पार बसली होती, ती चार्ज करून आणली. शिंपीणबाईंनी मोकळ्या मैदानात गाडी मागे घेतली ती थेट कचऱ्याच्या डब्यावर. काकांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि जरा वेळाने म्हणाले, "पुन्हा घ्या. सावकाश."

शिंपीणबाई पास झाल्यावर ताईच्या अर्ध्यावर राहिलेल्या आणखी दोघीजणी आल्या. त्यांतल्या एकीवर काका एकदा ओरडलेच. तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "चुकलं माझं, ताई. चला, गाडी सुरू करा."