स्पीकरला ग्रिल

डोंबिवलीत बाल्कनीला ग्रिल नसलेलं घर मला दाखवा. इथे माणसं वारासुद्धा गजांमधून गाळून घेतात. मग मी माझ्या स्टिरिओला ग्रिल लावून घेतलं, तर त्यात वेडेपणा कसला? पण माप घ्यायला आलेला कुंडलिक विचारतो कसा, "काका, आत काय ठेवणार? पोपट?"

"म्युझिक सिस्टिम आहे. नात येते माझी," मी म्हणालो.

खरं तर 'येते' म्हणण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मुलगा नील, सून आसावरी आणि चार वर्षांची ऋतिका टिटवाळ्याला राहतात. आसावरीचं माहेर कोपरला. टिटवाळ्याहून कोपरला जायचं तर डोंबिवली वाटेतच लागते. पूर्वी रविवारी तिघं आधी माझ्याकडे उतरायची, जेवायची आणि मग पुढे जायची. गणपतीनंतर ते बंद झालं.

कारण स्पीकर. त्याच्या मधोमध टोपीसारखा एक लहानसा घुमट असतो. तो दिसला की पोराचं बोट तिथे गेलंच म्हणून समजा. ऋतिकानं डाव्या स्पीकरचा दाबला आणि तो आत गेला. मी ओरडलो. ही सिस्टिम माझ्या बायकोनं, सरोजनं, आणि मी हौसेनं घेतलेली. सरोज गेल्यापासून संध्याकाळी घरात आवाज असतो तो हिचाच. कोणीही ओरडला असता. पोरगी इतकी दचकली, की तिला रडूही फुटेना. आसावरी तिला उचलून बाल्कनीत घेऊन गेली.

"बाबा, चार वर्षांची आहे ती," नील एवढंच म्हणाला.

मग फोन यायला लागले. "बाबा, आज डायरेक्ट कोपरला जातोय. ऋतिका ऐकत नाही हो, तुम्हाला उगाच टेन्शन." मला टेन्शन! चौघांची आमटी करून मी ती सोमवारीही खात होतो, त्याचं कोणाला टेन्शन नव्हतं.

म्हणून ग्रिल. बारीक जाळी, वर कुलूप. वायरी भिंतीवर पट्टीत घालून घेतल्या. अॅम्प्लिफायरची बटणं उपसून डब्यात ठेवली. आता ओरडायची वेळच येणार नव्हती. नीलला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'आता बिनधास्त या.'

आली तिघं. मी सकाळीच श्रीखंड आणून ठेवलं होतं. ऋतिका दारातून आत आली ती दोन्ही हात पाठीमागे धरून. सोफ्याजवळ थांबली.

"आजोबा, इथे बसू?"

माझी नात माझ्या घरात बसायची परवानगी मागत होती.

नील जाळी हलवून बघत म्हणाला, "बाबा, काम भारी झालंय हां."

जेवताना पोरगी पाण्याचा पेलासुद्धा आईला विचारून उचलत होती. जेवण होताच मी उठलो, किल्ली आणली, कुलूप काढलं आणि जाळीचं दार सताड उघडलं. डावा घुमट चेपलेलाच होता. चिकटपट्टी लावून ओढला की तो वर येतो, मला ठाऊक आहे. पण तिच्या बोटाची घरात तेवढीच खूण होती, ती पुसायला हात धजला नव्हता.

"ये गं इकडे. हा उजवा अजून चांगला आहे. दाब बघू."

ती जागची हलली नाही.

"अगं दाब, काही होत नाही."

"नको," ती हळूच म्हणाली. "आजोबा ओरडतात."

"अगं, मीच तर आजोबा."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग आईकडे पाहिलं आणि पाठीमागचे हात आणखी घट्ट धरले.

उन्हं उतरल्यावर तिघं कोपरला गेली. जाळीचं दार मी उघडंच ठेवलं आहे. उजवा स्पीकर अजून धडधाकट आहे.