टॅन्सीची चाल

टॅन्सी लंगडते आहे हे सगळ्यांत आधी लॉर्ना थर्लोला कळलं, आणि तेही हातातून. लॉर्ना जन्मापासून आंधळी. टॅन्सी ही तिला वाट दाखवणारी पिवळसर लॅब्राडोर कुत्री. कुत्रीच्या अंगावर पट्ट्यांचा साज, त्याला एक ताठ दांडी आणि ती दांडी लॉर्नाच्या डाव्या हातात. घरापासून खाडीकाठच्या तेल कंपनीपर्यंत दोघी रोज चालत जायच्या. घरं उबदार ठेवण्यासाठी ऱ्होड आयलंडात दारोदार तेल पोचवावं लागतं आणि त्या कंपनीचे फोन लॉर्ना घ्यायची. जूनमधल्या एका सकाळी दांडी हातात नेहमीसारखी स्थिर राहिना. तिच्यात बारीकसा हेलकावा होता.

घरी आल्यावर तिनं बहिणीला सांगितलं. हेस्टर तिच्याहून तीन वर्षांनी मोठी, वरच्या मजल्यावर राहायची.

"मला तर ती राणीसारखी चालताना दिसतेय," हेस्टर खिडकीतून अंगणातल्या टॅन्सीकडे बघत म्हणाली. "तुला एक दिवस त्या दांडीतून रेडिओपण ऐकू येईल बघ."

"आधी पाय बघ तिचा."

"बघितले, चारही बघितले. आहेत जागेवर."

दुसऱ्या दिवशी टॅन्सी उठलीच नाही. अंग तापलेलं, पुढचा डावा पाय टेकवत नव्हती आणि पुढ्यातलं खाणं तसंच. हेस्टरनं मुकाट्यानं गाडी काढली.

डॉक्टर मेडेरोस म्हणजे गावातल्या जनावरांची डॉक्टर. पोर्तुगीज घरातली बाई, मोजकं बोलणारी. तिनं रक्त तपासलं आणि लाइम, म्हणजे गोचिडी चावून होणारा रोग, असल्याचं सांगितलं. दोघी बहिणींना त्याचं नवल वाटलं नाही. हरणं मागच्या अंगणापर्यंत यायची आणि त्यांच्याबरोबर खसखशीएवढ्या गोचिड्या. गल्लीत असं एकही घर नव्हतं जिथं माणसाला नाहीतर कुत्र्याला हा रोग होऊन गेला नव्हता.

महिनाभराच्या गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी टॅन्सीनं हेस्टरच्या ताटातली मक्याची धिरडी पळवली, त्यावरून ती बरी झाल्याचं सगळ्यांनी ठरवलं. पण गोळ्या संपल्यावर लॉर्ना मुद्दाम दवाखान्यात गेली. तिला एकच विचारायचं होतं.

"पुढं काय? दोन वर्षांनी, पाच वर्षांनी?"

"बहुतेक कुत्री पुढं आयुष्यभर ठणठणीत राहतात," मेडेरोस म्हणाली.

"बहुतेक."

"हो, बहुतेकच. जंतू शरीरात कुठंतरी दडून राहिले नाहीत याची हमी मी देणार नाही. कुणीच देणार नाही. रक्ताची तपासणी मात्र पुढची कितीतरी वर्षं 'आहे' असंच दाखवेल. ती बघून घाबरू नका. लाइम होऊन गेला, एवढाच तिचा अर्थ."

"आणि घाबरायचं कशाला?"

"किडन्यांना. थोड्याच कुत्र्यांत होतं, पण लॅब्राडोरमध्ये जरा जास्त. म्हणून अधूनमधून लघवी तपासायची. प्रथिनं जायला लागली तर लगेच कळेल. आणि परत लंगडली तर घेऊन या."

लघवी धरण्याचं काम हेस्टरकडे आलं. लांब दांड्याचा सूपचा डाव घेऊन ती पहाटे अंगणात कुत्रीच्या मागं वाकून फिरायची. डाव खाली गेला की टॅन्सी शहाण्यासारखी उठून पुढच्या झुडपाशी जायची.

"बस ना गं बाई!" हेस्टर ओरडायची. "शेजारचे बघतायत. त्यांना वाटत असेल, थर्लोंच्या घरी नाश्त्याला काय असतं कोण जाणे!"

लघवी दर वेळी स्वच्छ यायची. तरी लॉर्नाचा डावा हात सदा सावध असायचा. रस्ता ओलांडताना ती आता गाड्यांपेक्षा दांडीकडे जास्त लक्ष द्यायची. तेल कंपनीचा मालक गस एकदा म्हणाला, "अगं, तू मला चार वेळा एकाच घराचा पत्ता विचारलास." टॅन्सी टेबलाखाली कूस बदलत होती आणि लॉर्ना तिचा श्वास ऐकत होती.

हिवाळा गेला आणि मार्च संपता संपता तो हेलकावा परत आला. दर दुसऱ्या पावलाला दांडी थोडी खाली जायची, मग टॅन्सी जोर लावल्यासारखी वर यायची. लॉर्ना भर रस्त्यात उभी राहिली. तिनं वाकून कुत्रीचे पाय एकेक करून चाचपले. कुठं गरम नाही, कुठं सूज नाही. घरी येऊन तिनं साज काढला आणि खुंटीला टांगला.

वाट दाखवणारी कुत्री तयार करणाऱ्या ज्या शाळेतून टॅन्सी आली होती तिथं तिनं फोन केला. पलीकडची बाई गोड बोलली. रोग उलटला असेल तर तिला कामातून मोकळं करण्याचा विचार करावा, नवीन कुत्र्यासाठी यादीत नाव घालून ठेवू का, असं तिनं विचारलं. "इतक्यात नको," म्हणून लॉर्नानं फोन ठेवला आणि बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिली. टॅन्सी सहा वर्षांची होती.

पुढचे दहाबारा दिवस ती पांढरी काठी घेऊन कामाला गेली. निघताना टॅन्सी दाराशी येऊन उभी राहायची आणि साजात डोकं घालायला मान पुढं करायची. लॉर्ना तिला बाजूला सारून दार ओढून घ्यायची. त्या दिवसांत ती हेस्टरशी धड बोलली नाही. काठीनं तिचे खांदे भरून यायचे आणि उजवा गुडघाही ठणकायचा. पण गुडघा तर थंडीपासूनच ठणकत होता, आणि साठी उलटल्यावर कुणाचा ठणकत नाही?

शेवटी हेस्टरनंच दवाखान्याची वेळ ठरवली. मेडेरोसनं लघवी तपासली, ती स्वच्छ होती. सांधे वाकवून पाहिले, तर टॅन्सीनं तिचं मनगट चाटलं.

"बाहेर चला," डॉक्टर म्हणाली. "हेस्टर, तुम्ही हिला जरा फिरवा."

हेस्टरनं मागच्या आवारात चार फेऱ्या मारल्या.

"काहीच नाही," डॉक्टर म्हणाली.

"माझ्या हाताला लागतंय," लॉर्ना म्हणाली. "मी खोटं बोलत नाहीये."

"मग साज घाला आणि तुम्ही चालून दाखवा."

लॉर्ना चालली. दहा पावलांतच दांडी खाली गेली. "हे बघा! आत्ता! दिसलं ना?"

डॉक्टरनं तिला पुन्हा चालायला लावलं. मग कुत्रीला हेस्टरकडे देऊन लॉर्नाला नुसत्या काठीनं चालायला सांगितलं.

"थांबा," ती म्हणाली. "मिस थर्लो, कुत्री ठीक आहे. लंगडताय तुम्ही."

लॉर्नाचा चेहरा लाल झाला.

"उजव्या पायावर भार आला की तुम्ही डावीकडे झुकता, तुमचं वजन दांडीवर पडतं. मग ही खांदा वर करून तुम्हाला पेलते. केव्हापासून करतेय कोण जाणे. तुम्हाला लागतं ते हे."

"नाताळापासून," हेस्टर हळूच म्हणाली.

लॉर्ना तिच्याकडे वळली. "काय म्हणालीस?"

"नाताळापासून लंगडतेस तू. मला वाटलं, तुला माहीत असेल. पाय तुझा आहे!"

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"जूनमध्ये सांगितलं होतं कुत्री बरी आहे म्हणून, तेव्हापासून मी या घरात कुणाच्याही पायाबद्दल बोलायचं सोडलंय."

मेडेरोस घाईघाईनं हात धुवायला आत गेली. लॉर्नाला आधी राग आला, मग ती आवाराच्या पायरीवर बसली. टॅन्सीनं तिच्या मांडीवर हनुवटी टेकली. लॉर्ना रडली, पण थोडाच वेळ. नाक पुसून तिनं विचारलं, "हिला उद्यापासून कामाला नेऊ?"

"न्या. मात्र तिच्यावर रेलू नका. आणि तो गुडघा कुणाला तरी दाखवा. मी माणसांचे बघत नाही."

गुडघ्याच्या डॉक्टरनं आधी लाइमचीच तपासणी केली, कारण तिकडे पहिल्यांदा तीच करतात. त्यात काही निघालं नाही. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, झिजली होती. शरद ऋतूत शस्त्रक्रिया झाली. लॉर्ना अंथरुणावर होती तेवढे आठवडे टॅन्सीला हेस्टर फिरवायची आणि परत येऊन तक्रार करायची की ही मला प्रत्येक पायरीशी थांबवते, जशी काही मीच आंधळी. बर्फ पडायच्या आत लॉर्ना पुन्हा कामावर रुजू झाली.

त्यानंतर टॅन्सीनं जवळजवळ चार वर्षं काम केलं. रक्ताची तपासणी दर वर्षी 'आहे' म्हणायची आणि मेडेरोस ती न वाचताच बाजूला ठेवायची. दहाव्या वर्षी टॅन्सीनं साज उतरवला आणि वरच्या मजल्यावर हेस्टरच्या पलंगावर जागा पटकावली. खाली लॉर्नाकडे ब्रॅम नावाचा नवा काळा कुत्रा आला. तो लांब ढांगा टाकायचा, लॉर्नाला त्याच्याशी पाऊल जुळवायला सहा महिने लागले.

तेराव्या वर्षी टॅन्सीच्या पोटात गाठ निघाली. तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दवाखान्यातल्या जमिनीवर तिघी तिच्याभोवती बसल्या होत्या. शेवटचं इंजेक्शन देऊन सगळं आटोपल्यावर लॉर्नानं विचारलं, "हे त्या जुन्या दुखण्यामुळं?"

"नाही," मेडेरोस म्हणाली. "त्याचा याच्याशी काही संबंध नाही. किडन्या शेवटपर्यंत छान होत्या."

"बरं," लॉर्ना म्हणाली. हेस्टरनं तिला हात देऊन उठवलं. बाहेर आल्यावर तिनं हेस्टरला टॅन्सीबरोबर रोज चालायच्या त्या खाडीच्या रस्त्यानं गाडी न्यायला सांगितली आणि घर येईपर्यंत काच खाली ठेवली.