फ्लॉपीच्या कपाळी कुंकू

मी फ्लॉपी बोलतेय. काळी, चौकोनी, वाकवली तर वाकणारी. हसू नका, एके काळी कोपरच्या आमच्या शाळेत माझ्यावाचून पान हलत नसे.

शाळेत एकच कॉम्प्युटर, तो मालनबाईंच्या ताब्यात. पडद्यावर प्रश्न आणि खाली चार पर्याय येत. मुलांनी आकडा दाबायचा. बरोबर आलं की छोटीशी धून, चुकलं की 'ट्यँऽ'! बाईंनी अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवून प्रश्नांचे गट केले. नद्यांचा, किल्ल्यांचा, पक्ष्यांचा. सगळे माझ्या पोटात साठवले. "एकदा दळून ठेवलं की हव्या तेव्हा भाकऱ्या थापा," असं त्या म्हणायच्या. आणि खरंच, सातवीसाठी केलेला नद्यांचा गट पाचवीलाही चाले, पुढच्या वर्षी नव्या मुलांनाही. मला भारी गर्व झाला होता. माझी एक प्रत काढून ठेवावी असं बाईंच्या मनात दोनदा आलं, पण दोन्ही वेळा नेमका चहा आला.

मग बातमी आली की संस्थेचे अध्यक्ष दामाजीराव दसरा झाला की येणार. मुलं कॉम्प्युटरवर नुसती खेळतात, असं कुणीतरी त्यांचे कान भरले होते. तसं दिसलं तर कॉम्प्युटर उचलून ठाण्याला, कोपरीच्या शाखेत. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पूजा झाली. टेबलावर कॉम्प्युटर, प्रयोगशाळेतला तराजू, घंटा आणि मी. हळद-कुंकवाचं काम शिपाई चंद्रभागामावशींकडे. मावशी खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, मनानं आणि हातानं सढळ.

"आगो बाय, सनाचे दिवशी हिला पाकिटान कशाला कोंडलंय?" म्हणत त्यांनी मला बाहेर काढलं.

माझ्या अंगावर एक लांबट खिडकी असते, तिला बोटही लावायचं नसतं. मावशींना ते कपाळ वाटलं. हळद, कुंकू, वर ओल्या अक्षता! इतका मान मला जन्मात कुणी दिला नव्हता. मी लाजले आणि आतून लालेलाल झाले.

दसरा झाला, दामाजीराव आले. बाईंनी मला आत सरकवलं. कॉम्प्युटर खरखरला, खोकला आणि 'वाचता येत नाही' असं सांगून मोकळा झाला. बाईंनी मला पुसलं, फुंकलं, पुन्हा घातलं. एक अक्षता तेवढी बाहेर पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू द्या, तोंडी विचारतो," दामाजीराव म्हणाले. "सांगा रे, महाराष्ट्रातली सगळ्यात लांब नदी?"

"तीन!" पहिल्या बाकावरचा गणू ओरडला.

"अरे, नदी विचारतोय मी! कोयना का?"

अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "ट्यँऽऽ!"

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"मग भीमा?"

"ट्यँऽऽ!"

"गोदावरी?"

वर्गानं धून म्हटली, शेवटच्या गिरकीसकट. तेवढ्यात रतन उठून उभी राहिली. "आता पुढचा प्रश्न, सर. उल्हास नदी कुठल्या खाडीला मिळते? एक, पनवेलची. दोन, वसईची. तीन, धरमतरची. चार, मनोरीची. दाबा ना, सर!"

"एक?" दामाजीराव चाचरत म्हणाले.

"ट्यँऽऽ!"

"दोन! दोन!"

धून वाजली. दामाजीरावांनी चक्क टाळी पिटली. मग भानावर येऊन म्हणाले, "बाई, यंत्र इथंच राहू द्या. कोपरीला नेलं तरी वाजायचं ते इथंच. फक्त पर्यायांच्या जागा बदलत जा."

त्याच आठवड्यात मुलांनी सगळे गट बाईंना तोंडी सांगितले आणि बाईंनी ते नव्या फ्लॉपीत भरले. मी एकटीच सांभाळते असं मला वाटायचं. माझ्या प्रती तर समोर बाकांवर बसल्या होत्या, एकीचं नाकही वाहत होतं.

आता मी बाईंच्या घरी, देव्हाऱ्याखालच्या खणात असते. दर दसऱ्याला मावशी घरी येऊन मला कुंकू लावतात. लावा बापडे, पण नव्या पोरींना लावाल तर पाकिटावरून लावा.

परवा दसऱ्याला एक मिशीवाला तरुण सोनं द्यायला आला. बाईंना वाकून नमस्कार केला, पाटावर मला पाहिलं आणि हळूच म्हणाला, "तीन."