चार नंबरची गंजी

कापसाच्या जिनिंग कारखान्यातली कोणतीही वायर अडली की हाक ममता राठोडलाच. वजनकाटा बंद पडला, ममता. प्रिंटर रुसला, ममता. दिवाळीनंतर तिने कापसाच्या चारही गंज्यांच्या पोटात तारा सोडल्या आणि आतली ओल नि उष्णता दाखवणारा प्रोग्राम बसवला. तेव्हापासून तिची आई हंसाबाई तांड्यावर भेटेल त्याला सांगायची, माझी पोरगी कापसाचा ताप मोजते. हंसाबाई त्याच जिनिंगमध्ये गंजीवर चढून कापूस तुडवायच्या कामाला होती.

त्याआधी हे काम रहेमानचाचांची सळई करायची. म्हातारे फिटर रोज सकाळी गंजीत लांब सळई खुपसायचे, घटकाभराने ओढून तळहातावर धरायचे आणि मान डोलवायचे. पडद्यावर आकडे यायला लागले तशी मॅनेजर वामनरावांनी सळई भंगारात टाकायला लावली. चाचांना वाईट वाटलं, पण त्यांना विचारतो कोण.

मंगळवारी वामनरावांनी चार नंबरच्या गंजीवर पाइपने पाणी मारून घेतलं. वजन वाढावं म्हणून, दुसरं कशाला. ओला कापूस दाबून ठेवला की आतल्या आत तापतो, हे पांढरकवड्यात शेंबडं पोरही सांगेल. ममताने ते खिडकीतून पाहिलं आणि मूग गिळून गप्प बसली. नोकरी होती, आईची मजुरीही तिथलीच होती.

गुरुवारी हैदराबादकडचे व्यापारी यायचे होते. मागच्या खेपेला त्यांनी ऑफिसच्या वायफायवरून ममताच्या प्रोग्रामचं पान स्वतःच्या मोबाइलवर उघडून ओलीचे आकडे वाचले होते, आणि वामनरावांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. म्हणून त्या गुरुवारी सकाळी नऊलाच वामनराव तिच्या खोलीत आले.

"ते आकडे बाहेरच्या कोणालेबी दिसू देऊ नोको. आपल्या मशीनवर दिसले म्हणजे झालं."

ममताने दोन मिनिटांत ते केलं. प्रोग्राम कंटेनरमध्ये चालायचा. कंटेनर म्हणजे त्याच कॉम्प्युटरच्या आत त्याच्यापुरती केलेली बंद खोली. तिने त्याला सांगून ठेवलं की फक्त या मशीनशीच बोल, मग तो पुन्हा चालू केला. चालू झाला. पान उघडून बघायचं तेवढं राहिलं, कारण काट्यावर गाड्यांची रांग लागली होती.

दुपारी एकला ती खोलीत परतली तर पान उघडेना. कनेक्शन नाकारलं, एवढंच पडद्यावर. आधी ती चिडली, मग हसली, हे रोजचंच. कंटेनर चालू आहे का पाहिलं, तर चार तासांपासून ठणठणीत. बाहेरचं पोर्ट, म्हणजे दार, आतल्या पोर्टला जोडलेलं आहे का, तर तेही बरोबर. फायरवॉल बंद करून पाहिली. राउटर बंद करून चालू केला. कॉम्प्युटर त्याच्याच पोटातल्या प्रोग्रामला हाका मारत होता आणि आतून ओ येत नव्हती.

खिडकीतून चार नंबरची गंजी दिसत होती. तिच्या सावलीत बायका भाकरीचे डबे उघडून बसल्या होत्या, त्यात हंसाबाईही होती. ममताला उगाचच अस्वस्थ वाटलं. पण भोंगा वाजला नव्हता. कुठल्याही गंजीचा ताप वाढला की भोंगा वाजायचा, तशी सोय तिनेच केली होती, म्हणून ती पुन्हा खुर्चीवर टेकली. पाऊण तास ती खटपट करत राहिली. शंभर पावलांवरच्या गंजीला जाऊन हात लावावा, हे तिच्या मनात आलं नाही. सळई गेली तशी ती सवयही गेली होती.

शेवटी तिने कंटेनरच्या आत शिरून तिथूनच पान मागवलं. ते झटक्यात आलं.

तेव्हा तिला चूक कळली. फक्त या मशीनशी बोल, असं तिने सांगितलं होतं, आणि आतल्या प्रोग्रामला मशीन म्हणजे त्याच्या चार भिंती. त्याने निमूटपणे आतून कडी लावून घेतली होती. गंज्यांतल्या तारांचे आकडे तो बाहेर जाऊन आणत होता, नोंदवत होता, पण विचारायला आलेल्या कुणालाही आत घेत नव्हता. भोंगासुद्धा दर मिनिटाला त्याच दारावर येऊन विचारायचा. उत्तर नाही म्हणून भोंगाही मुका.

मग तिने नोंदी वर सरकवल्या. नऊ बावन्न, चार नंबर, धोका. नऊ त्रेपन्न, धोका. पुढे प्रत्येक मिनिटाला तीच ओळ, फक्त आकडा चढता. अठ्ठावन्न, सत्तर, एकोणनव्वद. दहा मिनिटांपूर्वीपासून आकड्याच्या जागी नुसती रेघ होती. तार जळाली होती.

ती पायात चप्पल न घालता पळाली.

सावलीत डबे होते, बायका नव्हत्या. व्यापारी फाटकात आले होते आणि वामनरावांनी बायकांना घाईने वर चढवलं होतं, वरचा ओला थर उलटून कोरडा कापूस दिसावा म्हणून. रहेमानचाचा खालून हात हलवून त्यांना उतरायला सांगत होते, त्यांना जळका वास आला होता. ममताने आईला हाक मारली. हंसाबाईने वळून पाहिलं, एक पाऊल टाकलं आणि मांडीपर्यंत आत गेली. गंजी आतून पोखरून जळाली होती. उघड्या भोकात वारा शिरला आणि इतका वेळ लपलेला जाळ वर आला.

चाचांनी आणि दोन बायकांनी तिला ओढून काढलं. त्यात चाचांचे तळहात सोलले गेले.

तिसऱ्या दिवशी यवतमाळच्या दवाखान्यात हंसाबाईला बोलता आलं. डावा पाय राहील की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. वामनराव सफरचंदं ठेवून, चार शब्द बोलून गेले होते. ममता उशाशी बसली होती आणि तिचा हात आईच्या हातात होता.

"वामनभाऊ सांगत होते, तुहा कॉम्प्युटर बिघडला होता. खरं हाय का?"

"नाही, याडी. तो नऊ बावन्नपासून सांगून राह्यला होता. म्याच त्याले कोंडलं होतं."

हंसाबाईने मान तिच्याकडे वळवली.

"अन् पाणी मारलं, तेबी तुले माहीत होतं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. ममता हो म्हणाली.

आईने तिचा हात सोडून दिला.