तापलेला राऊटर

अकरा वाजता लॅपटॉपवर मुलाखत होती, अन् मी सकाळपासून खोलीत नुसती येरझारा घालून राह्यली होती. बसली की उठावं वाटे, उठली की पुन्हा लॅपटॉपपाशी जावं वाटे. बियाण्याच्या एका कंपनीचं काम होतं, शेतकऱ्यांशी फोनवर बोलायचं, अन् तेही घरबसल्या. घरबसल्या म्हणूनच तर! लग्न होऊन बोरी अरब या गावाले आली तेव्हाच मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, साफ सांगितलं होतं, "सून रोज एसटीनं यवतमाळले जाणार नाही. घरात बसून काय करायचं ते कर." तेव्हापासून मी बसूनच होती. बसून बसून डोकं फिरायची पाळी आली होती. हे काम हातचं गेलं असतं तर मी काय केलं असतं, मलेच ठाऊक नाही.

मोबाइलची रेंज आमच्याकडं फक्त ओट्यावर येते. म्हणून मामाजींनी वायरवालं इंटरनेट घेऊ दिलं. काल माणूस आला, डब्बा जोडला, अन् "बाकी सेटिंग तुम्हीच करा मॅडम" म्हणून पसार झाला. मी केली. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, राऊटर बैठकीतल्या फडताळावर उंच ठेवला. संध्याकाळी खोलीत बसून पाह्यलं तर काय भरभर चालून राह्यलं होतं, बाप्पा!

अन् आज, नेमकं आजच, पाहते तर नेटची एकच काडी! चित्र अडकलं, आवाज तुटला. झालं! माझीच सेटिंग चुकली असन म्हणून मी पासवर्ड बदलला, नेटवर्क पुसून पुन्हा जोडलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. काहीच नाही. ओट्यावर पळत जाऊन नवऱ्याले, अक्षयले, फोन लावला. तो वावरात. म्हणे, "तू लय गडबड करते. शांत बस ना जराशी." शांत बस म्हणे! याच्या बापाचं काय जाते, असं बडबडत मी बैठकीत शिरली, तर फडताळ रिकामं.

वायर धरून पुढं गेली. वायर खिडकीत गेलेली. तिथं कुलरच्या अंगाले टेकवून, माठाले गुंडाळावा तसा ओला दुपट्टा गुंडाळलेला, अन् त्याच्या आत माझा राऊटर. वरून पाणी टपकून राह्यलं होतं.

"हे कोनं केलं?"

दिवाणावर मामाजी बसले होते. "मी केलं," ते म्हणाले. "हात लावून पाह्यला, केवढा तापला होता तो! या उन्हात माणूस डोक्याले ओला दुपट्टा बांधते, मग त्याले नको काय?"

"तो तापतेच मामाजी! तापू द्यायचा असते त्याले!" माझा ताबाच सुटला. "विचारता नव्हतं येत काय? प्रत्येक गोष्टीत हात घालायचा! आज माझं हे काम गेलं ना, तर या घरात मी कोणाशीच बोलणार नाही, सांगून ठेवते!"

लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर माझा आवाज चढला नव्हता. मामाजी हात मांडीवर ठेवून बसून राह्यले.

मी पिन उपटली, ओढणीनं डब्बा पुसला, फुंकला, उलटा करून झटकला. लगेच चालू करावा तर जळायची भीती, न करावा तर अकरा वाजतात. शेवटी दिवाणावरच ठेवला अन् पिन लावली. दिवा लाल, लाल, लाल... अन् मग हिरवा. माझे डोळेच भरून आले.

खोलीत जायले वेळच नव्हता. लॅपटॉप बैठकीतच आणला, आवाज नको म्हणून कुलर बंद केला. बैठक भट्टीसारखी तापली.

"मी बाहीर जाऊ काय?" मामाजींनी हळूच विचारलं.

"राहू द्या. बोलू नका फक्त."

त्यांनी हातपंखा घेतला अन् राऊटरले वारा घालू लागले. त्या घाईतही मले हसू आलं.

पडद्यावरच्या मॅडमनं विचारलं, "शेतकरी चिडून बोलायला लागला तर काय कराल?"

"आधी त्याले पुरतं बोलू देईन," मी म्हटलं. "बियाणं उगवलं नाही तर माणूस चिडनच. मग विचारीन, पेरलं तेव्हा ओल किती खोल होती, पेरल्यावर पाऊस किती दिवस दडला."

मॅडम हसल्या. "छान! पहिले तीन महिने मात्र ट्रेनिंगसाठी यवतमाळच्या ऑफिसात यावं लागेल. रोज. चालेल ना?"

पंखा थांबला.

मी मामाजींकडं पाह्यलं नाही. पाह्यलं असतं तर विचारावं लागलं असतं, अन् विचारलं असतं तर तिथंच संपलं असतं.

"हो मॅडम. चालते," मी म्हटलं.

लॅपटॉप मिटला तरी मान वर करायची हिंमत होईना. आता घर डोक्यावर घेतात, म्हटलं. घेऊ दे.

मामाजी उठले. दारापाशी जाऊन चपला पायात घातल्या. माझ्याकडं पाठ ठेवूनच बोलले,

"सातची गाडी दारव्ह्यावरून भरून येते. उभ्यानं जावं लागन. सहाच्या गाडीनं जाजो."