बिनपॉलिशची ढोली

काकांच्या हातचा ढोल बेसूर निघाला, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. म्हणूनच त्या अंगठ्याएवढ्या बेडकाचं गप्प बसणं त्यांना फार लागलं.

बेडूक आणला होता जंगलखात्यातल्या पुतणीने. जुन्या झाडाच्या ढोलीत पाणी साचलं की हा नर आत बसून मादीला हाक मारतो आणि तिथेच अंडी होतात. रस्त्यासाठी ती झाडंच तोडली गेली. उरलेल्या कोवळ्या झाडांवर लाकडी ढोल्या टांगायचं ठरलं, आणि लाकूड पोकळ करायचं म्हटल्यावर पुतणीला काकाच आठवले. पण नर ढोलीत ओरडलाच नाही, तर ही जात संपली म्हणून समजा.

काकांनी जीव ओतून ढोली कोरली, घासली, पॉलिश करून आरशासारखी केली. नर आत मूग गिळून बसला. दुसरी केली, तिसरी केली, तेच. काका राग जेवणावर काढू लागले.

एका दुपारी बेडकाच्या पेटीचं झाकण उघडं राहिलं आणि तो पसार. काका, काकू आणि पुतणी, तिघांनी ढोलांचा कारखाना पालथा घातला. पुतणी रडकुंडीला आली. एवढ्यात मागच्या स्वयंपाकघरातून आवाज आला. पुन्हा आला, जरा खालचा. मग जरा वरचा. शेवटी असा घुमला की फळीवरच्या बश्या किणकिणल्या.

"अरे, हा तर सूर लावतोय," काका म्हणाले.

बेडूक होता खिडकीतल्या काकूंच्या वेलाच्या भांड्यात. काठाला तडा गेला म्हणून काकांनी पॉलिशआधीच फेकलेली ही एक ढोली. काकूंनी ती उचलून, पाणी भरून तिच्यात वेल खोचला होता. काकांनी ती हुंगली, मग आपली चकचकीत ढोली हुंगली, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"मी त्याला वासानेच मारत होतो."

"लग्न झाल्यापासून मी तरी दुसरं काय सांगतेय?" काकू म्हणाल्या.

पुतणीने मादी आणून त्याच ढोलीत सोडली. आठवड्यात आतल्या कडेला अंडी चिकटलेली दिसली. मग काकांनी ढीगभर खरबरीत ढोल्या कोरल्या. पॉलिशसाठी हात शिवशिवायचे, तेव्हा काकू डबाच लपवून ठेवायच्या.

ढोल्या टांगून झाल्यावर काका हट्टाने जंगलात गेले. वरून हाक आली.

"सूर जरा चढलाय," ते पुटपुटले. पुतणीने त्यांना गप्प केलं.

पुढची हाक उतरली, ढोलीभर घुमली, आणि पलीकडच्या झाडावरून तिला उत्तर आलं. काकांना हसू आवरेना आणि रडूही.