पहिली बाटली

"काका, पडून राहा अजून थोडं," असं सिस्टर म्हणेपर्यंत दौलत ओव्हाळ उठून बसलासुद्धा. दंडावरचा पट्टा त्याने स्वतःच सोडवला. खाटेशेजारच्या छोट्या काट्यावर त्याच्या रक्ताची पिशवी फुगून पडली होती, पिकल्या जांभळासारखी काळपट. ती कुठे जाते ते त्याला बघायचं होतं.

"कोणाला लावणार?" सवयीने त्याच्या तोंडून गेलं.

सिस्टर नवीन होती. तिने नळी बांधली, कापली आणि कोपऱ्यातल्या डब्याचं झाकण पायाने उघडलं. आत पिवळी प्लास्टिकची पिशवी लावलेली होती.

"कोणाला नाही, काका. हे चालत नाही."

रक्त धप्पकन आत पडलं. दौलत बघत राहिला. सुईच्या जागी लावलेला कापूस त्याने इतका दाबून धरला की बोट पांढरं पडलं. चेहरा मात्र नेहमीप्रमाणे लालबुंदच होता.

माजिवड्याच्या त्या हॉस्पिटलातून बाहेर आल्यावर त्याने रिक्षा थांबवली, मग नको म्हणून सोडून दिली. दुसरी थांबवली, तीही सोडली. दोन्ही रिक्षावाल्यांनी त्याच्या वयाच्या माणसाला ऐकवू नये असं काही ऐकवलं, पण दौलतच्या कानात वेगळंच वाजत होतं. 'चालत नाही.' हे दोन शब्द त्याच्या घरात फार जुने होते.

त्याचे वडील चांगदेव नगरकडच्या गावातून आंबिवलीला कंपनीत कामाला आले, तेव्हा बरोबर काही फारसं आणलं नव्हतं. हे दोन शब्द मात्र आणले होते. गावात हॉटेलाबाहेर खुंटीला टांगलेली वेगळी कपबशी, विहिरीपासून लांब उभं राहणं, हे सगळं ते रागाने सांगायचे नाहीत. आज ऊन आहे, एवढ्याच सुरात सांगायचे, "आपलं तिथं चालत नाही." दौलतला तो सूर शिव्यांपेक्षा जास्त लागायचा.

म्हणूनच त्याला रक्तदानाचं वेड लागलं, असं त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. तरुणपणी पहिल्यांदा दिलं तेव्हा त्याने त्या पिशवीवरची चिठ्ठी निरखून वाचली होती. गट लिहिला होता, बी पॉझिटिव्ह. आडनाव कुठेच नव्हतं. म्हणजे हे आता कोणाच्याही अंगात जाणार, आणि तो कोणीही हात जोडून घेणार! त्या दिवशी तो घरी उड्या मारतच आला. तेव्हापासून जयंतीला विहाराच्या हॉलमध्ये शिबिर लागलं की पहिल्या खाटेवर दौलत, आणि मधल्या महिन्यांत कल्याण-डोंबिवलीत कुठेही मांडव दिसला की तिथेही दौलत. वस्तीत त्याचं नावच 'पहिली बाटली' पडलं. बाटल्या जाऊन पिशव्या आल्या तरी नाव बदललं नाही. नवख्या माणसाला वाटे, गडी पिणारा असावा. दौलत तर सुपारीच्या खांडालाही शिवत नव्हता.

ही बढाई सोडली तर माणूस साधा. ठाण्याच्या कोर्टात शिपाई. काम पुकाऱ्याचं. आतून इशारा झाला की दारात यायचं आणि पक्षकाराचं नाव तीनदा घ्यायचं. आवाज असा की चहाच्या टपरीवर बसलेला माणूस ग्लास ठेवून धावत यावा. वकील त्याची नक्कल करायचे आणि कोणाला जमायची नाही. दौलतला त्याहून मोठा अभिमान दुसऱ्या गोष्टीचा होता: आतून मान हलल्याशिवाय त्याने कधी तोंड उघडलेलं नव्हतं.

बिघडायला लागलं ते आंघोळीपासून. पाणी अंगावर पडलं की अशी खाज सुटे की तो पंचा गुंडाळून गॅलरीत येरझारा घालायचा, पिंढऱ्यांवर चापट्या मारायचा. शालन, त्याची बायको, आधी हसायची. "आंघोळ करून आलात की भांडून?" मग तळव्यांची आग सुरू झाली, डोकं जड राहू लागलं. साबण बदलून झाले, खोबरेल झालं, कडुलिंब झाला. शेवटी खात्याच्या तपासणीत रक्त इतकं दाट निघालं की तिथल्या डॉक्टरने त्याला रक्ताच्या तज्ज्ञाकडे धाडलं.

डॉक्टर विनिता कर्णिक तशा गंभीर बाई. रिपोर्ट वाचून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि काय काम करता म्हणून विचारलं. याने पुकारा म्हणताच त्यांचा चेहरा उजळला.

"मग तुम्हाला सांगणं सोपं आहे. हाडांच्या आत रक्त बनवणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या दाराशी एक पुकारेवाला बसलेला असतो. जॅक टू नाव त्याचं. काइनेज जातीचं एन्झाइम आहे."

"त्यांच्यातपण जाती?" दौलत म्हणाला.

बाईंनी घाईने शब्द बदलला. "कुळ म्हणा. शरीरात रक्त कमी पडलं की मूत्रपिंडाकडून हुकूम निघतो. तो दाराला लागला की जॅक टू आत पुकारा करतो, रक्त बनवा म्हणून. त्याचं ऐकून पुढचा, त्याचं ऐकून त्याच्या पुढचा, असा निरोप पेशीच्या गाभ्यापर्यंत जातो. हुकूम थांबला की हा गप्प."

"आणि माझा?"

"तुमच्या जॅक टूच्या घडणीत एकच अक्षर बदललंय. तो हुकुमाची वाटच बघत नाही. दार बंद असो, उघडं असो, याचा पुकारा चालूच."

दौलतला हे अंगाला लागलं. त्याने खुर्चीत सरळ होत सांगितलं की नोकरीत आजपर्यंत असं एकदाही झालेलं नाही. तुम्ही नाही हो, तुमचा जॅक टू, अशी बाईंनी समजूत काढली. मग धोका सांगितला: दाट रक्ताची गुठळी मेंदूत नाहीतर हृदयात अडकू शकते. उपाय म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि ठरावीक दिवसांनी रक्त काढून टाकायचं. हे ऐकून दौलत खूश झाला. काढा की, म्हणाला, मला सवयच आहे.

"दान म्हणून नाही, ओव्हाळ. हे कोणाला देता येत नाही. आणि एक सांगू? तुम्ही इतकी वर्षं सारखं रक्त देत होतात, म्हणूनच हे दबून राहिलं असणार. नकळत स्वतःवरच उपचार करत होतात."

ज्यांना आधी दिलं त्यांचं काय, हे त्याने दोनदा विचारलं. त्यांना त्याने अपाय झाला असेल असं मानायला कारण नाही, बाई म्हणाल्या, पण एकदा कळल्यावर घेत नाहीत, नियमच आहे. दौलतने मान हलवली. जिना उतरताना मात्र तो हिशोब मांडत होता, आणि हिशोब उलटाच येत होता. जन्मभर देतोय म्हणून छाती काढून चाललो, आणि जमेला बघावं तर घेणारे आपणच.

घरी त्याने निम्मंच सांगितलं. रक्त जास्त झालंय, मधूनमधून काढावं लागेल. चालत नाही, हा भाग गिळला. शालनने पहिलं काम केलं ते लोखंडी तवा माळ्यावर टाकण्याचं. बीट, डाळिंब आणि गूळशेंगदाणे घरातून हद्दपार. दुसरं काम तिने नळावर केलं. ह्यांच्या अंगात रक्त मावत नाही, डॉक्टरीण बोलली, असा माणूस बघितला नाही, अशी तिने वस्तीभर बातमी लावली. तिला स्वतःला कधी कोणी दान करू दिलेलं नव्हतं. शिबिरात तपासणीला बोट टोचून रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात टाकतात. तो बुडला तर रक्त चांगलं. शालनचा दरवर्षी वरच रेंगाळायचा. तेव्हा नवऱ्याची श्रीमंती तिने हौसेने वाटली, यात तिची चूक नव्हती.

शिबिर भरवणाऱ्या मंडळाचा सेक्रेटरी राकेश त्याच संध्याकाळी हजर झाला.

"काका, ऐकलं ते खरं काय? मग यंदा दोन बाटल्या झाल्या पाहिजेत हां. एक आपली, एक बोनस."

दौलत हसला. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण राकेशच्या फोनमध्ये फ्लेक्सचं चित्र तयार होतं. त्यात दौलतचा लालबुंद चेहरा, आणि खाली अक्षरं, 'आपल्या वस्तीची पहिली बाटली'. माझं आता चालत नाही, हे वाक्य त्या चेहऱ्याच्या देखत बोलायचं कसं? तो रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. शालनला वाटलं, खाजच आहे.

जयंतीच्या सकाळी त्याने आंघोळ चुलीवरचं भांडं उतरवावं तशी झटपट उरकली, कडक इस्त्रीचा सदरा घातला. हॉलबाहेर निळे झेंडे, आत खाटा, कोपऱ्यात खिरीचं पातेलं. तो ठरवून आला होता की राकेशला बाजूला घेऊन सांगायचं. पण राकेश बाजूला येईना. तो माइकवर होता. कोणीतरी दौलतला रांगेच्या तोंडाशी आणून उभं केलं, कोणीतरी त्याचं बोट पुढे केलं. रक्तपेढीच्या मुलीने थेंब निळ्या पाण्यात सोडला. तो गोटीसारखा तळाला गेला.

"वा काका. असं रक्त दिवसातून एखादंच भेटतं."

भोवतीची माणसं हसली, शालन सगळ्यांत जास्त. टेबलामागचे म्हातारे डॉक्टर मान वर न करता विचारत होते, काही आजार, काही गोळ्या? खिशात सकाळच्या गोळीचं पाकीट होतं.

"काही नाही," दौलत म्हणाला. कोर्टाच्या दारात उभं राहून शपथेवरचं खोटं त्याने इतकं ऐकलेलं होतं की आपला आवाजही तसाच सराईत निघाला, याचं त्याला नवल वाटलं.

तो पहिल्या खाटेवर आडवा झाला. हातात रबरी चेंडू आला. मुलीने शीर चाचपली, गार बोळा फिरवला. आणि सवयीने, केवळ सवयीने, त्याने नेहमीचं विचारलं.

"कोणाला लावणार?"

"आमच्याकडे थॅलेसेमियाची पोरं येतात ना, काका, त्यांना सारखं रक्त लावावं लागतं. एक आहे साडेतीन वर्षांचं, तुमच्याच गटाचं. सुई बघून रडत नाही, हात पुढे करतं."

दौलतने चेंडू दाबला. त्या पोराने हात पुढे केला होता तो चांगल्या रक्तासाठी. आपल्याला तिथून हुकूम नव्हता. न बोलावता आत शिरायचं आणि आपलंच नाव गाजवत सुटायचं, मग त्या जॅक टूने वेगळं काय केलं? मुलीने सुईवरचं टोपण काढलं.

"थांब, बाळा," तो म्हणाला. "माझं चालत नाही."

सूर हुबेहूब चांगदेवांचा निघाला. आज ऊन आहे, एवढाच.

राकेश माइक ठेवून धावला. काय झालं, चक्कर आली का, पाणी आणा. दौलत उठून बसला आणि सांगितलं की हे रक्त आजाराचं आहे, हॉस्पिटलात काढतात आणि फेकून देतात, मगाशी मी डॉक्टरांशी खोटं बोललो. टेबलामागच्या डॉक्टरांनी आज पहिल्यांदा मान वर केली. राकेशला एकदम फ्लेक्स आठवला असावा; तो दाराकडे बघायला लागला. शालन खिरीच्या पातेल्याजवळ डाव हातात धरून उभी होती.

आता निघून जावं, असं दौलतला वाटलं, आणि पायही निघाले. पण खाट रिकामी होती. रांगेतला पुढचा पोरगा, कुंडलिकचा सुशांत, पहिल्या खाटेवर कसं झोपायचं म्हणून जागचा हलत नव्हता. दौलतने राकेशकडे बघितलं. राकेशला काय कळलं कोण जाणे, त्याने मान हलवली.

मग दौलतने दारात उभं राहून आवाज लावला. "सुशांत कुंडलिक साळवे, हाजर आहे का? सुशांत कुंडलिक साळवे... " तिसऱ्यांदा नाव घ्यायच्या आत पोरगा खाटेवर होता. बाहेर ज्यूसच्या गाडीवर उभे असलेले दोघंतिघंही आपसूक आत आले.

दिवसभर नावं त्यानेच घेतली. संध्याकाळी घसा बसला. घरी जाताना वळणावर आल्यावर शालन म्हणाली, "माझा थेंब तरंगतो, तुमचा बुडून वाया. आता दोघंपण खीर वाढायला बसू." आणि मग, "मला तरी सांगायचं होतं, ओ."

पुढच्या वेळी माजिवड्याला ती बरोबर आली. नको म्हटलं तरी आली. पिशवी भरेपर्यंत ती खाटेशी स्टुलावर बसून होती, त्या नळीतल्या लाल धारेकडे बघत. तीच सिस्टर होती. तिने नळी कापली, पायाने झाकण उघडलं. धप्प असा आवाज झाला. दौलतने छताकडे बघितलं.

शालनने पिशवीतून थर्मास काढला, स्टीलच्या पेल्यात चहा ओतला आणि ग्लुकोज बिस्किटांचा पुडा फोडून त्याच्यापुढे धरला.

सिस्टर हसली. "मावशी, हे डोनेशन नाहीये. इथे चहा-बिस्किटं नसतात."

"माहितीये," शालन म्हणाली. "रक्त दिलंय ना पण त्यांनी."

दौलतने एक बिस्कीट घेतलं. चहात बुडवलं, जरा जास्तच वेळ, आणि तुटायच्या आत सांभाळून बाहेर काढलं.